पदर

माघातल्या पहाटे पाचनईतून निघालो, तेव्हा गावातल्या चुली नुकत्या पेटत होत्या. थंडी अंगाला बोचत होती आणि वाटेकडेचं वाळलेलं गवत दवानं जड होऊन वाकलं होतं. पुढे गावातले एक बाबा चालत होते. सत्तरीच्या आसपासचे, पायात टायरच्या चपला, कमरेला कोयती, हातात छोटा रिकामा कॅन. हरिश्चंद्रगडावर मी याआधीही आले होते. पण पावसात, घाईत, मान वर करून कडे पाहत. यावेळी बाबांच्या चालीनं चालायचं ठरवलं होतं.

चढ संपून वाट कड्याच्या पोटाशी आली. डोक्यावर काळा कातळ छतासारखा पुढे झुकला होता. बाबा थांबले. समोरच्या काळ्या भिंतीत कमरेच्या उंचीवर एक तांबडा पट्टा आडवा गेला होता. कुठे वीतभर, कुठे हातभर जाड, गेरूसारखा. त्याच्या वरच्या कडेला दगड ओला होता. बाबांनी शेजारच्या जांभळीचं एक पान तोडलं आणि देठाकडून त्या ओल्या फटीत खोचलं. थोड्या वेळानं पानाच्या टोकाशी एक थेंब जमला, फुगला, गळला. त्याखाली त्यांनी कॅन टेकवला.

“संध्याकाळी उतरताना घेऊ.”

“बाबा, सगळा कडा कोरडा आणि पाणी इथंच कसं?”

त्यांनी तांबड्या पट्ट्यावर नख ओढलं. मातीचा भुगा खाली पडला. “इथं डोंगर मऊ हाय, ताई. पाणी इथं थांबतं, मग भाईर येतं.”

दिवसभर मी त्या एका शब्दाभोवती फिरत राहिले. थांबतं.

सह्याद्रीबद्दल आपण बोलतो ते बहुतेक कड्यांबद्दल. राकट, कणखर, काळा पत्थर. आपली गाणी, आपला इतिहास, आपला अभिमान त्या कड्यांवर उभा आहे, आणि ते योग्यच आहे. पण हा डोंगर कसा झाला ते समजून घेताना मला दिसत गेलं, की तो वाहण्याच्या जोडीनं थांबण्यानंही घडला आहे.

हिमालय वळ्या पडून उचलला गेला. सह्याद्री आधी रचला गेला आणि मग कोरला गेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांचे शेवटचे दिवस चालू असताना, इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून पातळ, पसरणारा लाव्हा पुरासारखा वाहत राहिला. काही पूर तर इतके दूर गेले, की आज गोदावरी जिथे समुद्राजवळ पोचते त्या राजमहेंद्रीच्या परिसरातही त्यांचा दगड सापडतो. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी या काळ्या दगडाखाली आहे. थरावर थर चढले आणि झिजताना त्यांच्या पायऱ्या झाल्या. या दगडाला भूशास्त्रात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला.

पण हे पूर एकामागून एक सलग आले नाहीत. एक लाव्हा पसरायचा, निवायचा, आणि मग शांतता. कधी थोडकी, कधी हजारो वर्षांची. त्या शांततेत काळ्या दगडावर पाऊस पडायचा, दगड कुजून त्याची माती व्हायची, दगडातलं लोखंड हवापाण्यानं गंजून तांबडं व्हायचं. काही वेळा दूरच्या स्फोटांची राख त्यावर येऊन पडायची. त्या मातीत काहीतरी उगवायचं. मग पुढचा पूर यायचा, ती माती त्याखाली गाडली जायची आणि वरच्या उष्णतेनं भाजून निघायची. बाबांनी नखानं खरवडला तो पट्टा म्हणजे अशीच एक भाजलेली उसंत. काळा दगड म्हणजे लाव्हाचा दिवस, तांबडा पट्टा म्हणजे दोन दिवसांमधली लांब रात्र. त्यावर बोट ठेवलं, की माणसाचं पाऊल न पडलेल्या एका जुन्या जमिनीवर आपण बोट ठेवलेलं असतं.

भूशास्त्रज्ञांनी या थरांचे गट पाडले आणि त्यांना नावं दिली ती आपल्या ओळखीच्या गावांची: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. खालून वर वाचायचा हा क्रम. वाचताना एसटीच्या पाटीवरची गावं वाचल्यासारखं वाटतं. थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. म्हणून उत्तरेकडे, कसाऱ्याच्या बाजूला जे थर उघडे दिसतात ते दक्षिणेकडे जाता जाता जमिनीखाली बुडतात आणि त्यांच्या डोक्यावरचे नवे थर समोर येतात. इगतपुरीहून महाबळेश्वरला जाणारा माणूस नकळत काळाच्या जिन्यानं वर चढत असतो. कळसूबाईचं शिखर 1646 मीटरचं, महाराष्ट्रात सर्वांत उंच. तरी तिथला दगड महाबळेश्वरच्या माथ्यावरच्या दगडाहून जुना.

आणि थांबणं फक्त वर जमिनीवरच नव्हतं, खालीही होतं. कसारा घाटात एका थरातला दगड निरखून पाहिला, तर त्यात पांढुरके, बोटाच्या पेरांएवढे लांबट स्फटिक विखुरलेले दिसतात. लाव्हा वर येण्याआधी जमिनीच्या पोटात बराच काळ साठून राहिला आणि त्या संथपणात हे स्फटिक सावकाश वाढत गेले. असे स्फटिकांनी भरलेले थर सह्याद्रीच्या खालच्या भागात काही ठरावीक पातळ्यांवर पुन्हा पुन्हा येतात. घाईनं वर आलेल्या लाव्हात एवढे मोठे स्फटिक वाढत नाहीत.

या उसंतींमध्ये जीव राहत होते. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या गाळाच्या थरात एका लहानशा बेडकाचे सांगाडे सापडले आणि 1847 साली रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञानं त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेला तो गाळ म्हणजे तेव्हाचं एखादं उथळ तळं. मी त्या बेडकाचा विचार करते तेव्हा मला आगीचे लोट दिसत नाहीत. पावसाळी संध्याकाळ दिसते. त्याच्या आयुष्याच्या दृष्टीनं ज्वालामुखी ही फार जुनी गोष्ट असणार. त्याला तळं होतं, किडे होते, जोडीदाराला हाक घालायला गळा होता. जगाच्या एवढ्या मोठ्या उलथापालथीच्या मधल्या एका फटीत त्यानं आपलं पुरतं आयुष्य जगून घेतलं.

वाट पुन्हा चढू लागली. ऊन आता कड्याच्या माथ्यावर उतरलं होतं आणि खालची दरी निळसर होती. समोरच्या डोंगराकडे बघताना त्याची घडण स्पष्ट दिसत होती. एक काळा कडा, खाली झाडीची हिरवी पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. लाव्हा थंडावल्यावर काही काळानं आजच्या सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून तुटून दूर गेला. पश्चिमेची कड खचली आणि तिथून पावसानं, ओढ्यांनी हा डोंगर पूर्वेकडे खात आणला. खाताना कठीण थर ताठ उभे राहिले, त्यांचे कडे झाले. मऊ थर आत झिजले, त्यांच्या सपाट्या झाल्या. दोन कड्यांमधल्या या सपाटीला इथली माणसं ‘पदर’ म्हणतात. कड्याखालचा पदर, पदरातलं रान, पदरातली वाडी.

बाबांनी कोयतीच्या टोकानं समोर दाखवलं. “त्या पदरात आमची हिरड्याची झाडं. पलीकडच्या पदराला पाणी चैतापर्यंत पुरतं.”

त्यांच्या बोलण्यात एकदाही कडा आला नाही. कड्यावर माणूस राहत नाही. माणूस, झाड, जनावर, झरा, सगळे पदरात. पावसाचं पाणी काळ्या दगडाच्या भेगांतून, पोकळ्यांतून खाली मुरत जातं. तांबड्या चिकणमातीशी आलं की त्याची वाट अडते, मग ते आडवं सरकत कड्याच्या तोंडाशी झिरपतं. तिथे झरा होतो, झऱ्यापाशी झाडं, झाडांपाशी वाट, वाटेपाशी वस्ती. गडांवरची टाकी कोरणाऱ्यांना आणि लेणी खोदणाऱ्यांना या थरांची जाण हातानं झालेली असणार. काही लेण्यांत भिंतीच्या मधूनच तांबडा पट्टा जातो आणि बरोबर तिथे दगड झिजलेला, कोरीव काम पुसट झालेलं दिसतं. दोन हजार वर्षांपूर्वी एखादा पाथरवट छिन्नी घेऊन तिथे पोचला असेल आणि दगडाचा आवाज बदललेला ऐकून क्षणभर थबकला असेल.

पदरातल्या रानात शिरलो आणि थंडावा अंगावर आला. जांभूळ, आंजणी, हिरडा. खाली करवंदीच्या जाळ्या. कुठूनतरी शीळ आली. सुरात सुरू झालेली, मध्येच वाट चुकून भलतीकडे गेलेली, पुन्हा परतणारी. शीळकरी कस्तुर. पावसाळ्यात तो मोकळ्या गळ्यानं गातो; माघात एखादीच तान घेऊन गप्प होतो. असंच रान दक्षिणेला भीमाशंकरला आहे, दाट आणि उंच. तिथे शेकरू राहतो, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तांबूस पाठीची आणि झुपकेदार शेपटीची ती मोठी खार. 1985 साली भीमाशंकरचं अभयारण्य झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेत जातो. म्हणून त्याला रान सलग लागतं. पदर मध्ये तुटला, की शेकरूचं गाव तुटतं.

वाटेच्या दोन्ही बाजूंना कारवी उभी होती, गेल्या भाद्रपदात फुललेली आणि आता उभ्या उभ्या वाळलेली. सहा-सात वर्षं कारवी नुसती पानं काढत राहते. दर पावसाळ्यात हिरवी होते, दर उन्हाळ्यात काड्या होते. आणि सातव्या-आठव्या वर्षी सगळ्या डोंगराची कारवी एकदम जांभळी होते, मधमाश्यांनी घुमते, आणि फुलून झाली की मरते. बाबांच्या घराचा कूड कारवीचाच, वरून शेणामातीनं लिंपलेला. त्यांनी एक वाळलेलं बोंड खुडून माझ्या हातावर ठेवलं. “आता हे पाऊस पडंपर्यंत असंच राहणार. पहिला पाऊस लागला की तडतड वाजतं सगळं रान.” ओल लागल्याशिवाय ती बोंडं उघडत नाहीत. पेरणीची वेळ झाडाला कळते, कारण ते थांबायला तयार असतं.

दुपारी कोकणकड्यावर पोचलो. या कड्याविषयी किती लिहिलं गेलं आहे. नागाच्या फण्यासारखा आत वळलेला, पोटात पोकळ, खाली कोकण धूसर पसरलेलं. पावसाळ्यात इथे ढगावर पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात आणि एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं ते इथून पाहिल्याची नोंद आहे. माघात ढग नव्हते. पालथं झोपून मी कडेवरून डोकं बाहेर काढलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा खोली सोडून भिंतीकडे पाहिलं. भिंत एकसंध नव्हती. थरांच्या सांध्यांवर बारीक कंगोरे होते, कंगोऱ्यांवर गवताचे झुपके, आणि त्यांच्यासमोरून पाकोळ्या शीळ वाजवत सुऱ्यासारख्या हवा कापत होत्या. इतक्या कठोर भिंतीवरही जीव राहतो तो थर जिथे सुटतो त्या फटीत.

अशाच कंगोऱ्यांवर गिधाडं घरटी करतात. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं मी पाहिली आहेत, याच हिवाळी दिवसांत. जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि एका पिल्लावर महिनोन्‌महिने खपते. एवढ्या संथ लयीचा पक्षी घाईच्या संकटापुढे टिकत नाही. 1990च्या दशकात गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि पाहता पाहता देशातली नव्वद टक्क्यांहून अधिक लांब चोचीची गिधाडं नाहीशी झाली. 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. कड्यावरची पांढरी शिटांची रेघ दिसली, की अजून मला हायसं वाटतं. ती रेघ म्हणजे कुणीतरी अजून इथे अंडं उबवत बसलं आहे.

सह्याद्रीचा माथाही असाच सबुरीवर जगतो. दक्षिणेकडे कासला, पाचगणीला, आंबोलीला माथ्यावर जांभ्याची सपाटी आहे, तिला सडा म्हणतात. लाखो वर्षं पाऊस झेलून कातळाचाच जांभा झाला. त्यावर माती बोटभरही नाही. आठ महिने सडा भाजलेल्या तव्यासारखा असतो. पण श्रावण-भाद्रपदात तोच सडा निळ्याजांभळ्या सीतेच्या आसवांनी, गुलाबी तेरड्यानं, पांढऱ्या गेंदांनी, पिवळ्या सोनकीनं भरून जातो. कासवर साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद आहे आणि 2012 साली जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटातल्या 39 स्थळांत कासचा समावेश आहे. सीतेच्या आसवांना तिथली माती पुरत नाही, म्हणून ती मुळांपाशी बारीक पिशव्या धरून ओल्यातले सूक्ष्म जीव टिपतात. आंबोलीच्या सड्यावर पिवळसर नक्षीचा एक छोटा भेक आहे. 2009 साली शास्त्राला तो नव्यानं कळला आणि त्या परिसराबाहेर तो सापडलेला नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर निळ्या-केशरी गळ्याचा सरडा आहे. 2016 साली त्याला शास्त्रीय नाव देताना संशोधकांनी त्याच्या प्रजातीला आपलाच शब्द दिला, ‘सरडा’. हे सगळे जीव बोटभर मातीवर, चार महिन्यांच्या ओलीवर संसार करतात आणि बाकीचे आठ महिने बी होऊन, कंद होऊन, कपारीत दडून वाट पाहतात.

सरकारी नकाशात अशा सड्यांची नोंद कित्येकदा पडीक म्हणून होते. हा शब्द मला लागतो. ज्याला वाट पाहता येते त्याला आपण पडीक म्हणतो.

परत फिरलो तेव्हा ऊन कललं होतं. उतारावर एका ठिकाणी खालच्या खोऱ्यातला नवा रस्ता दिसला. डोंगराच्या पायथ्याला ताजा, तांबडा काप. जेसीबीच्या दातांचे ओरखडे उन्हात चमकत होते. बाबा बराच वेळ तिकडे पाहत राहिले.

“पदर कापला की वरचा डोंगर कशावर बसणार?”

मी काही बोलले नाही. आम्हा दोघांच्याही मनात दरडीखाली गेलेल्या गावांची तीच नावं असावीत. 30 जुलै 2014 ला माळीण, 2021च्या जुलैत तळीये, 2023च्या जुलैत इर्शाळवाडी. माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसं गेली. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी आणि सगळीकडे पाऊस भयंकर. पण मऊ माती पाण्यानं तुडुंब झाली, की तिला खालचा आधार फार महत्त्वाचा असतो, आणि उताराचा पायथा कापणं म्हणजे तोच आधार काढून घेणं, एवढं तर बाबांना शाळेत न जाता ठाऊक होतं. पदरानं इतकी वर्षं ज्यांना सांभाळलं, त्यांच्यावरच तो कोसळावा याहून मोठं दुःख या डोंगरात मला माहीत नाही. मऊ थर पाणी देतो, माती देतो, वाट देतो. तो कमजोर आहे म्हणून देतो. आणि म्हणूनच त्याला जपावं लागतं. आपण कड्यांचे पोवाडे गायले. पदराची काळजी घ्यायला शिकलो नाही. ते शिकायला बाबांसारख्यांच्या पायाशी बसावं लागेल, आणि वेळ फार उरलेला नाही.

सांज होता होता आम्ही पुन्हा त्या झुकल्या कड्याखाली आलो. भिंत आता करडी दिसत होती, तांबडा पट्टा काळपट. पानाच्या टोकाशी थेंब जमत होता, फुगत होता, गळत होता, सकाळच्याच लयीत. कॅन गळ्यापर्यंत भरून काठावरून वाहत होता. बाबांनी माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. थंड होतं, आणि त्याला किंचित मातीची चव होती.

गेल्या पावसाळ्यात वर कुठेतरी पडलेलं ते पाणी, निवलेल्या लाव्हाच्या भेगांतून उतरत, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका मोकळ्या जमिनीशी येऊन थांबलं होतं, आणि आज माझ्या हातात आलं होतं.

बाबांनी झाकण लावून कॅन खांद्यावर घेतला. मी फटीतलं पान काढायला हात पुढे केला.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. पानाखालच्या दगडात ओंजळीएवढी एक खळगी होती, थेंबाथेंबानं पडलेली. “रातच्याला भेकर येतं.”

आम्ही उतरू लागलो. पाचनईत दिवे लागले होते. मागे, काळोखात, थेंब खळगीत पडल्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.